घाट चढणारी गाडी

चिपळूण

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

यातली कोणती घेऊ म्हणून तू पाठवलेली तीन गाड्यांची माहिती वाचली. टर्बोवर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून जोर वाढवणाऱ्या गाडीवर, तुझा जीव आहे, हे फोनवरच कळलं होतं. डिझेल मायलेजसाठी, आणि तिसरी साधी चार सिलिंडरची पेट्रोल मॅन्युअल, माझं मन राखायला. मी तिसरीच घे म्हणेन.

तू सहा वर्षांची असताना कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली होती, आठवतं? जुलै महिना. पोफळी सोडून चढायला लागलो आणि टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग तडकून कूलंट रस्त्यावर वाहत होतं. धुकं एवढं की ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून आई तुझी पिवळी छत्री हलवत वळणावर उभी राहिली. तळहातात मावेल एवढा तो पार्ट, मुंबईहून यायला नऊ दिवस लागले. इंजिन दमदार होतं, मायलेजही उत्तम होतं त्या गाडीचं. तेव्हापासून मी आधी पार्ट कुठे मिळतात ते विचारतो.

डिझेलचा हिशेब मांडून बघ. तुझं रनिंग महिन्याला ६०० किलोमीटर. पेट्रोलला १५चं अ‍ॅव्हरेज धर, ४० लिटर. डिझेलला २०चं, ३० लिटर. लिटरला १०५ आणि ९० रुपये धरले तर महिन्याला पंधराशे वाचतात. गाडी लाखाने महाग असेल तर ते फिटायला साडेपाच वर्षं! शिवाय बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. काजळी जळायला गाडी सलग पळावी लागते. कोथरूड ते हिंजवडी रोज रांगत गेलीस तर ती साठते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. टर्बोचा ड्राय ड्युअल क्लच, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा, तेलात न बुडवलेला जोडक्लच, अशाच ट्रॅफिकमध्ये तापतो.

घाटात ट्रक मागे टाकताना टर्बोची मजा वेगळी, हे खरं. साध्या गाडीला तिथे दुसरा गिअर टाकावा लागेल. तुला तो टाकता येतो, मीच शिकवलाय.

बुकिंगआधी एखाद्या बाहेरच्या गॅरेजात जा आणि कोणत्या गाड्या पार्टसाठी अडकून पडल्यात ते मिस्त्रींना विचार. टेस्ट ड्राइव्ह चांदणी चौकाच्या चढावर घे, एसी लावून, चौघं बसवून. चौथा मी. शनिवारच्या एसटीचं तिकीट काढलंय.

तुझा,
बाबा