चिल्लरच नाही, तर छंद कुठला?

मा. संपादक,
स. न.

‘तुमच्याकडे हे नाणं असेल तर व्हाल लखपती’ अशा मथळ्याच्या बातम्या हल्ली मोबाइलवर रोज दिसतात. चांगल्या चांगल्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही त्या असतात, म्हणून हे पत्र. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या किराणा दुकानात वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन माणसं येतात. “काकू, याचे पाच लाख भेटून राहिले म्हणते!” ते २०१२ सालचं नाणं माझ्या गल्ल्यातून कितीदा तरी गेलंय. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी कमिशन नि कर मागणारे ठग आपलं नाव वापरताहेत, त्यांना पैसे देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं होतं. ती सूचना कोणी वाचली नाही, मथळे मात्र सगळ्यांनी वाचले.

या मथळ्यांनी नाणी जमवण्याच्या छंदाचं जेवढं नुकसान केलं तेवढं नाणी वितळवण्यानेही केलं नसेल. नाणं दाखवलं की पहिला प्रश्न किमतीचा. सालाखाली काय आहे ते कोणी बघतच नाही. तिथे पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. एकाच सालाची, एकाच किमतीची ही नाणी जमवायला पदरचे पैसे फारसे लागत नाहीत. रात्री गल्ला मोजताना चष्मा नाकावर ठेवून मी हेच करत आले.

हा नाद सासऱ्यांचा. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, तेव्हा तेच गल्ल्यावर बसत. रुपयाचे आणे सोळा नि नये पैसे शंभर, म्हणजे एका आण्याला सव्वासहा. तो पाव पैसा कोणी सोडायचा यावरून गिऱ्हाइकाशी रोज हुज्जत व्हायची, असं ते सांगत. भोकाचा पैसा त्यांनी तेव्हाच बाजूला काढून ठेवला. संग्रह असाच होतो, देवाणघेवाणीतून.

आता देवाणघेवाण उरली कुठे? पाच रुपयांच्या चॉकलेटलाही पोरं क्यूआर स्कॅन करतात. माझीही सोय होते, खोटं कशाला बोलू. पण पावली, म्हणजे पंचवीस पैसे, ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आठ आणे कायद्याने चालतात पण घेत कोणी नाही, आणि दहाच्या नाण्याला अजून काही गिऱ्हाइकं नाक मुरडतात. त्याचे तेव्हापर्यंतचे १४ही नमुने खरे आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगून झालंय. टांकसाळी स्मारक नाणी काढतात, नव्या संसद भवनाचं २०२३ चं पंचाहत्तर रुपयांचं नाणं तसलंच. ते दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून डबीत बंद येतं. हौसेने घ्यावं, पण त्याला मी खरेदी म्हणेन. त्याने एक भाजीवाली पाहिलेली नाही.

दुसरीकडे चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून घरोघरचे राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळचे चांदीचे, रुपये सराफाकडे जाऊन मुशीत पडताहेत. ज्याला गरज आहे त्याने विकावं, मी कोण सांगणार? पण मोडण्याआधी १८६२ सालच्या रुपयाच्या मागच्या बाजूला भिंग तरी लावावं. हे साल टाकलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पडत राहिले, आणि सालाखालच्या बारीक ठिपक्यांवरून कुठला कधीचा याचा अंदाज लागतो. सराफाच्या काट्यावर ते सगळे सारखेच, अकरा ग्रॅम आणि थोडे. आणि विकायचा असो वा ठेवायचा, चिंच नि राख लावून घासू नका. वर्षानुवर्षांचा काळपट थर गेला की जाणकार त्याला हात लावत नाही.

संपादक महाशय, लखपतीच्या बातम्यांऐवजी रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी चार बोटं जागा या खुणांना द्या. शाळांनीही पोरांना अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात न्यावं, पण वाघ-हरणं दाखवून परत आणू नये. आपल्या गावच्या भोसल्यांचे रुपये मोगल बादशहाच्या नावाने का पडत, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला पुरून उरेल.

माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात दुबार नाणी पडून आहेत. शाळेतल्या ज्या पोराला खुणा ओळखता येतील त्याने रविवारी दुपारी दुकानात यावं, चारही टांकसाळींचं एकेक नाणं फुकट देईन. किंमत विचारणाऱ्या मोठ्या माणसांनी सोबत येऊ नये.

— एक किराणा दुकानदारीण, महाल, नागपूर