रब्शाके आमच्या फाटकात

अहिल्यानगर

प्रिय शेगुला,

किती महिने तुला लिहिलं नाही. इकडे सगळे बरे, सासूबाईंची शुगर आहे तिथेच आहे.

वर्कशॉपवर बँकेची नोटीस आली आहे. ६० दिवसांत सगळी थकबाकी भरा, नाहीतर जागा ताब्यात घेऊ. यांची बिलं अडकून पडलीत. माझ्या पाटल्या, सासूबाईंचा गोफ, सगळं मोडून हप्ते भरले, तरी ती आलीच.

परवा वसुलीवाला आला. हे म्हणाले, आत बसून बोलू. तो फाटकातच उभा राहिला आणि आळीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलायला लागला. शेगुला, मला एकदम जुन्या करारातला रब्शाके आठवला, अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यरुशलेमला धमकवायला पाठवलेला तो सरदार! यहूदाचा राजा हिज्कीया, त्याचे कारभारी बाहेर येऊन विनवताहेत, बाबा, अरामीत बोल, आम्हाला कळतं. आणि हा भिंतीवरच्या लोकांनी ऐकावं म्हणून यहूदी भाषेतच ओरडतोय. वर टोमणा, २००० घोडे देतो, स्वार तरी आहेत का तुमच्याकडे? तू होस्टेलात डोक्याला टॉवेल गुंडाळून हे करायचीस आणि मेट्रनबाई धावत यायच्या. भिंतीवरचे लोक राजाच्या आज्ञेप्रमाणे गप्प राहिले होते. हेही गप्प राहिले. मला ते पाहवलं नाही.

इथे जो तो म्हणतो, विश्वास ठेव, काही होणार नाही. हिज्कीया काय नुसतं असं म्हणून बसला होता? सन्हेरीबाने ३०० किक्कार (तेव्हाचं मोठं वजन) चांदी, ३० किक्कार सोनं मागितलं, तर त्याने मंदिराच्या दारांचं सोनंसुद्धा उतरवून दिलं. बाहेरचे झरे बुजवले, पाणी शहरात वळवलं. तरी सैन्य दारात. मग सन्हेरीबाचं पत्र घेऊन तो मंदिरात गेला, परमेश्वरासमोर उलगडून ठेवलं आणि म्हणाला, अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उद्ध्वस्त केलीत हे खरं आहे. त्या ‘खरं आहे’पाशी मी थांबले. काल रात्री नोटीस टेबलावर पसरली. मुद्दल, व्याज, दंडव्याज, सगळं देवाला मोठ्याने वाचून दाखवलं. खरं आहे प्रभू, एवढंच म्हटलं. कितीतरी दिवसांनी झोप लागली. सोमवारी वकिलाकडे जातोय, लेखी हरकत द्यायची आहे.

आणि आता तुझा लाखीशचा प्रश्न, सन्हेरीबाने जिंकलेल्या यहूदाच्या त्या शहराचा. यरुशलेम वाचलं, मग लाखीशच्या लोकांनी काय विश्वास ठेवला नव्हता? यावरून आपण किती भांडलो, जेवणाच्या ताटावर अबोला धरला. आज तोच प्रश्न रात्री माझ्या उशाशी येऊन बसतो. सन्हेरीबाने स्वतःच लिहून ठेवलंय, यहूदाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. यरुशलेम घेतलं असं मात्र तो म्हणत नाही. पण लाखीशच्या बायका निनवेतल्या त्याच्या राजवाड्याच्या भिंतींसाठी कोरलेल्या आहेत, पोरंबाळं घेऊन बैलगाडीत बसलेल्या. त्या शिल्पाचा फोटो तूच पाठवला होतास. वर्कशॉप राहील की जाईल, मला कळत नाही. गेलं तरी देवाने आमचं ऐकलंच नाही, असं मी म्हणणार नाही, आणि त्या बायकांचं ऐकलं नसेल हेही कुणाला म्हणू देणार नाही.

नातवाचं ऐकून सगळ्यांना आनंद झाला. एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा केलास ना? पोहे तिकडे नीट मिळतात का? गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. जावईबापूंची बदली झाली का, ते कळव.

लाखीशबद्दल तू आता काय म्हणतेस? फोनवर नको, पत्रच लिही.

तुझी,
मंगल