वेल्लोरला निघालेल्या लेकीला

प्रिय बेटा,

प्रभूच्या नावात आशीर्वाद.

तू तमिळनाडूत, वेल्लोरच्या दवाखान्यात चाललीस. परवा तू आईला विचारत होतीस ते मी ओसरीवरून ऐकलं. "मले भेव लागते, मग माहा विश्वास कमी आहे का?" तोंडी उत्तर द्यायला गेलो की माझं भाषण होतं आणि तू मान डोलावून सुटतेस. म्हणून लिहितो आहे. गाडीत वाच.

भेव लागणं वेगळं आणि विश्वास नसणं वेगळं. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत आपला प्रभूच व्याकूळ झाला होता. हा दुःखाचा प्याला टळो, असं त्यानं बापाला सरळ म्हटलं. शिष्यांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ज्याला स्वतःलाच ती रात्र एकट्यानं काढवत नव्हती, त्याच्यापुढं तू कशाला लाजतेस? मोबाईलवर एक मेसेज फिरतो, "भिऊ नको" हे बायबलात ३६५ वेळा आहे म्हणे, दिवसाला एक. मोजायला बसलं तर तेवढं भरत नाही. पण ज्यांना ज्यांना ते म्हटलं गेलं, ते घाबरलेले होते, म्हणूनच म्हणावं लागलं.

अनोळखी मुलखाचा विषय निघाला की पाळकसाहेब अब्राहामाचा दाखला देतात. कुठं जायचं ठाऊक नसताना तो निघाला. खरं आहे, पण अब्राहामाशी देव बोलला होता, त्याला वचन मिळालं होतं. तुझ्यासाठी मला बायबलातली रूथ जवळची वाटते. तिच्या पुस्तकाचे चारच अध्याय आहेत, बसल्या बैठकीत वाचून होतात, आणि त्यांत देव रूथशी एक शब्दही बोलत नाही. दर्शन नाही, स्वप्न नाही, देवदूत नाही. नवरा मेलेला, सासू म्हणते परत फीर, आणि ही मवाब नावाच्या परक्या मुलखातली पोर बेथलेहेमाची वाट धरते. तिथं सासूशिवाय तिचं म्हणावं असं कोणी नाही. पोचल्यावर काम कोणतं, तर दुसऱ्याच्या वावरात सरवा, म्हणजे कापणीत खाली पडलेली कणसं, वेचायचा.

तुझ्या आजीनं सरवा वेचलेला होता, म्हणून तिला ही गोष्ट फार लागायची. ती सांगायची, सरवा वेचणाऱ्या बाईला मालकापेक्षा कापणीवरच्या पोरांचं भेव जास्त. त्या वावराचा मालक बवाज, त्याला ते कळत होतं. त्यानं गड्यांना ताकीद दिली की हिच्या वाटेला जाऊ नका. वर हेही सांगितलं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम खाली टाका, हिला वेचू द्या. संध्याकाळी तिनं झोडपलं तर एफाभर (एफा हे त्या काळचं धान्याचं माप) सातू निघाले. कोणतं कणीस सहज पडलं आणि कोणतं कोणी टाकलं, हे वाकून वेचणाऱ्या रूथला कुठून कळणार! देव आपल्यापर्यंत बहुतेक असाच पोचतो, निदान माझ्यापर्यंत तरी. आवाज मी कधी ऐकलेला नाही.

विश्वास ठेवला की सगळं चांगलंच होतं, असं काही लोक छातीठोक सांगतात. मी नाही सांगणार. आपण धूळपेरणी करतो तेव्हा कोरड्या मातीत सरकी टोबायची आणि आभाळाकडं बघत बसायचं. प्रार्थना करून पेरलं त्या वर्षीही पावसानं दडी मारली आहे, सरकी मातीतच करपली आहे आणि उसनवारी करून दुबार पेरणी करावी लागली आहे. पलीकडच्या धुऱ्यावर प्रार्थना नव्हती, पाऊस तिथंही तेवढाच. तेव्हा प्रार्थनेनं पाऊस विकत मिळत नाही, बेटा. पण दुबार पेरणीच्या सकाळी माझा पाय वावराकडं उचलला गेला, आणि तो माझ्या एकट्याच्या बळावर उचलला नव्हता. याहून मोठी साक्ष माझ्याजवळ नाही.

तू चाललीस त्या दवाखान्याची सुरुवात बघ. आयडा स्कडर मिशनऱ्यांच्याच घरातली, पण तिला हिंदुस्थानात राहायचं नव्हतं. एका रात्री तीन घरची तीन माणसं एकामागून एक आली, अडलेल्या बायकोसाठी. तिचे वडील डॉक्टर होते, पण बाळंतिणीपाशी पुरुष चालत नव्हता, आणि हिला त्यातलं काही येत नव्हतं. तिन्ही बायका गेल्या. मग ती अमेरिकेत शिकली, परतली, १९०० मध्ये वेल्लोरला एका खाटेवर दवाखाना सुरू केला आणि १९१८ मध्ये मुलींसाठी डॉक्टरकीची शाळा काढली.

तमिळ येत नाही म्हणून रडू नको. तिथं बंगालचे, झारखंडचे पेशंट येतात, त्यांना तरी कुठं येते? खाटेवर नवरा, नाकात नळी, उशाशी बायको फाईल छातीशी धरून उभी, आणि भोवती चाललेल्या बोलण्यातलं एक अक्षर तिला कळत नाही. तुझी हिंदी कशीही असो, "घाबरू नका, मी इथं आहे" एवढं तर तिला सांगता येईल ना? तिच्यासाठी तूही चार कणसं खाली टाक.

रविवारी मराठी उपासना मिळेलच असं नाही. तमिळ उपासनेला जाऊन बस. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की चालीवरून ओळखू येईल, तू आपली मराठीत म्हण.

जवसाची चटणी पिशवीत वरच ठेवली आहे, झाकण सैल आहे, आडवी करू नको. बल्लारशा सुटल्यावर फोनला रेंज येते-जाते, हे आईला आधीच सांगून ठेवलं आहे. काटपाडीला, वेल्लोरच्या स्टेशनवर, उतरलीस की पहिला फोन तिला कर, मग मला. उलटं केलंस तर इथं मला महिनाभर ऐकावं लागेल.

तुझा,
बाबा