मुलांच्या मॉडेलिंगबद्दल पालक सदस्यांना सूचना

नमस्कार. मुलाला मॉडेलिंगमध्ये कसं आणायचं, हा प्रश्न गटात सारखा येतोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी पैशांचं. चांगली एजन्सी मुलाला काम मिळाल्यावर त्या मानधनातून कमिशन घेते. नोंदणी, प्रशिक्षण किंवा ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’ (म्हणजे काम मिळवण्यासाठी दाखवायचा फोटोंचा संच) यासाठी कुणी आधीच मोठी रक्कम मागत असेल, तर तिथूनच परत फिरा. लहान मुलांना महागड्या पोर्टफोलिओची गरजही नसते. काही महिन्यांत चेहरा, दात, उंची सगळं बदलतं. खिडकीजवळच्या उजेडात, साध्या कपड्यांत, मेकअप न करता काढलेले फोनवरचे फोटो सुरुवातीला पुरतात. एक चेहऱ्याचा जवळून, एक पूर्ण उंचीचा, एक बाजूने. सोबत वय, उंची, कपड्यांचं आणि बुटांचं माप. घरचा पत्ता आणि शाळेचं नाव देऊ नका, गणवेशातला फोटोही नको.

ऑडिशनला आणि शूटिंगला पालक हजर हवेतच. ‘तुम्ही बाहेर थांबा’ किंवा ‘कमी कपड्यांतले फोटो पाठवा’ असं कुणी म्हणालं, तर मूल घेऊन निघा आणि इथे लगेच कळवा. करार सही करण्याआधी घरी आणून वाचा. फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, हे त्यात लिहिलेलं असावं. मुलांच्या कामाच्या तासांचे आणि परवानगीचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, तेही आधी बघून ठेवा.

आणि मुलाला विचारा. कॅमेऱ्यासमोर त्याला रडू येत असेल, तर सध्या थांबा. नकार आला तर त्याच्यासमोर त्याच्या दिसण्याची चर्चा करू नका, ही माझी कळकळीची विनंती.