शंभर वर्षांचं लाकूड अजून धावतंय

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी चाळीस वर्षं सुतारकाम केलं, सध्या मुलीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आलोय. मागच्या रविवारी तिने आम्हा दोघांना सांताक्रूझला नेलं, म्हणजे मुंबईचं नव्हे, इथलं, प्रशांत महासागराच्या काठावरचं. तिथे बीचवरच्या अम्युझमेंट पार्कात जायंट डिपर नावाचं लाकडी रोलर कोस्टर आहे. १७ मे १९२४ ला सुरू झालं आणि आजही माणसं घेऊन धावतंय. आर्थर लूफने ते ४७ दिवसांत उभं केलं म्हणे, आणि त्याच्या वडिलांनी केलेला लाकडी घोड्यांचा मेरी-गो-राउंड त्याच पार्कात १९११ पासून फिरतोय. बाप-लेकाची कारागिरी शेजारी शेजारी, मला तर तिथेच भरून आलं.

जावई म्हणाले बाबा तुम्ही खाली बसा, बॅगा सांभाळा. मी म्हटलं नाही, मी बसणार, मग ही पण म्हणाली तुम्ही जाताय तर मी पण येते. मांडीवर दांडा आला, गाडी निघाली ती थेट अंधाऱ्या बोगद्यात, काही दिसेना, नुसती खडखड. बाहेर आलो तर समोर चढ, साखळीने गाडी वर ओढतात आणि खालून टक टक टक आवाज, तो खटका दातांत पडत जातो म्हणून गाडी मागे घसरत नाही. ७० फूट उंचीवर बाजूला सगळा समुद्र दिसला, क्षणभरच, आणि मग जी खाली सुटली की पोटात गोळाच आला. हिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्यांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. वळणावर अख्खा सांगाडा करकरतो, हलतो, बाकीचे घाबरून ओरडत होते पण मला त्या आवाजाने उलट धीर आला, कारण लाकूड थोडं वाकतं, धक्का पोटात घेतं, म्हणून तर टिकतं. दोन मिनिटंही झाली नसतील, उतरलो तेव्हा ही म्हणाली परत बसूया का.

नंतर मी अर्धा तास खाली उभं राहून नुसते सांधे बघितले. एका जोडावर जुना काळपटलेला बोल्ट आणि त्याच्या शेजारी नवा कोरा चकचकीत. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी माणसं त्या रुळावरून चालत जाऊन सगळं तपासतात, खराब झालेली फळी तेवढी बदलतात. बस्स, एवढंच करतात, पण रोज करतात.

आपल्याकडे वाड्याची एक तुळई किडली की अख्खा वाडा उतरवायचा विषय निघतो. अहो किडका भाग कापून नवा तुकडा जोडता येतो, आम्ही आयुष्यभर तेच केलं, पण लोकांना आता असं काम करणारा माणूस कुठे मिळेल तेच माहीत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, दर पावसाळ्यात आपण वाडा पडल्याची बातमी छापता, त्याच्या शेजारी आपल्या जिल्ह्यातल्या अशा जुन्या सुतारांची यादी पण छापा, गाव आणि फोनसकट. मी दिवाळीच्या आधी परत येतोय, माझं नाव त्यात नक्की घाला, आणि शिकायला येणारी पोरं असतील तर मी फुकट शिकवीन.

आपला,
एक निवृत्त सुतार, सातारा
(सध्या मुक्काम सॅन होजे)