सहा मीटरच्या गल्लीत चार मजले बसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात घर परवडत नाही ही तक्रार आपल्या स्तंभांतून नेहमी वाचायला मिळते. चर्चा बहुतेक वेळा जमिनीच्या भावावर आणि बिल्डरांच्या नफ्यावर थांबते. कोणत्या भूखंडावर किती आणि कोणत्या आकाराची घरे होणार, हे मात्र नियमावलीतल्या एका तक्त्यात ठरते. तो तक्ता वाचकांसमोर यावा म्हणून हे पत्र.

डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही क्षेत्रे सोडून राज्यभर एकच नियमावली लागू आहे, तिला सगळे ‘युडीसीपीआर’ (एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली) म्हणतात. तिच्यात दाट वस्तीबाहेरच्या निवासी भूखंडाला मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, 1.1 मिळतो. त्यावर प्रीमियम (जादा बांधकामाचे शुल्क) भरून आणि टीडीआर (सार्वजनिक कामासाठी जमीन दिलेल्यांना मिळणारा, विकता येणारा बांधकाम हक्क) विकत घेऊन किती चढवता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता 9 मीटरचा असेल तर एकूण 2, 12 चा असेल तर 2.25, 24 चा असेल तर 2.75 आणि 30 मीटर किंवा जास्त असेल तर 3. रस्ता 9 मीटरपेक्षा जरासा जरी कमी असला तरी 1.1 वर गाडी थांबते. शिवाय जिना, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी यांच्यासाठी निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय वेगळा मिळतो.

आता कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत सर्रास सापडणारा भूखंड घेऊ. 14 मीटर रुंद, 20 मीटर खोल, म्हणजे 280 चौरस मीटर, आपल्या भाषेत तीन हजार चौरस फूट. समोर सहा मीटरची गल्ली, वर जुना बंगला, मालकीत दोन-तीन भावंडे. 1.1 ने 308 चौरस मीटर, त्यावर 60 टक्के धरून 493. पुढे तीन मीटर आणि बाजूला-मागे दोन-दोन मीटर सोडले असे समजू. मग 10 बाय 15 चा, दीडशे चौरस मीटरचा मजला उरतो. म्हणजे पार्किंगवर तीन पूर्ण मजले आणि वर एक तुकडा. व्यवहारात तिथे काय होते? मजल्याला एक मोठा फ्लॅट, तीन मजल्यांचे तीन फ्लॅट, भावंडांत वाटून प्रश्न मिटला. बंगल्यात तीन कुटुंबे राहत होती, इमारतीतही तीनच राहणार. गल्लीत एकही नवे घर वाढले नाही.

हीच गल्ली कागदावर 9 मीटरची झाली की त्याच भूखंडावर 896 चौरस मीटर चढतात. दीडशेच्या मजल्याने सहा मजले, आणि उंची वाढली की सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) वाढते, त्यामुळे मजला आक्रसतो आणि इमारत आणखी वर जाते. महापालिकेने 2020 मध्ये सव्वातीनशेच्या आसपास सहा मीटरी रस्ते 9 मीटर करण्याचा प्रस्ताव आणला, तो यासाठीच. त्यातली अडचण गल्लीत उभे राहिल्यावर दिसते. रुंदीकरण म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर, आणि ती पट्टी महापालिकेच्या ताब्यात येते त्या-त्या भूखंडाचा पुनर्विकास होईल तेव्हा. आज चौथ्या क्रमांकाच्या बंगल्याची भिंत मागे सरकली, पाचव्याची जागची हलली नाही, सहाव्यापुढे विजेची डीपी पेटी आणि खांब. रस्त्याला करवतीसारखे दाते पडतात, सुटलेल्या खाचेत चारचाकी उभी राहते, वाहतुकीला वाव सहा मीटरच राहतो. टीडीआरचा भार आज येतो, रुंद रस्ता वीस-तीस वर्षांनी. कुंपणालगतचे आंबे-बकुळी आधी जातात. आमच्या मते हा मार्ग चुकीचा होता.

आमची सूचना 1.1 आणि 2 यांच्या मधल्या जागेबद्दल आहे. 6 ते 9 मीटरच्या रस्त्यांना एकूण 1.35 द्या. 280 वर 378, अनुषंगिक धरून 605 चौरस मीटर. दीडशेचे चार मजले बरोबर 600 होतात. पार्किंगचा मजला अडीच-पावणेतीन मीटर आणि वरचे चार मजले प्रत्येकी 2.9 मीटर धरले तरी उंची 15 मीटरच्या आत राहते. पाया, जिना, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या यांचा खर्च तीन मजल्यांना लागतो जवळपास तेवढाच चौथ्यालाही पुरतो, म्हणून हा चौथा मजला हिशेब जमवून देतो.

पण हे वाढीव 0.25 मोफत किंवा बिनशर्त नको. निम्मे गाळे, म्हणजे फ्लॅट, 45 चौरस मीटर चटई क्षेत्राच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेच्या) आतले असतील तरच ते मिळावे. अट नसेल तर वरही तीन खोल्यांचे मोठे फ्लॅटच होतील, कारण गाळे कमी तर गिऱ्हाईके कमी आणि डोकेदुखीही कमी. दीडशेतून जिना-लिफ्ट-पॅसेजचे 25 वजा करा, 125 मध्ये मजल्याला चाळीसेक मीटरचे तीन गाळे नीट बसतात. चार मजल्यांत बारा घरे. नोकरीला लागलेले जोडपे, एकटी राहणारी आजी, विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली यांना लागते ते घर एवढेच असते. ते बाजारात नाही म्हणून सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुले कॉट बेसिसवर एका खोलीत चार-चार जण राहतात.

बारा घरांना अडवते ते पार्किंग. एका चारचाकीची आखलेली जागा अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आत-बाहेर वळायची जागा धरली की पंचवीस. खालच्या दीडशेतून जिना, लिफ्ट, मीटर खोली, पंप काढले की 115 उरतात. त्यात चार गाड्या बसतात. दोन गाळ्यांमागे एक गाडी म्हटले तरी सहा लागतात, म्हणून आर्किटेक्ट गाळे जोडून टाकतो आणि बाराचे आठ होतात. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आत, उदाहरणार्थ आयडियल कॉलनी किंवा नळ स्टॉपच्या मागच्या गल्ल्यांत, लहान गाळ्यांना तीनामागे एक गाडी पुरे करा आणि दुचाकी व सायकलीची जागा सक्तीची ठेवा. स्थानकाभोवतीच्या टीओडी (मेट्रोलगत जादा बांधकामाला मुभा देणाऱ्या) पट्ट्यात एफएसआय 4 पर्यंत नेला आहे, पण तिथेही रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे क्षेत्र आडवे येतेच, त्यामुळे फायदा मोठ्या प्लॉटना होतो.

अग्निशमनाचा बंब कसा जाणार, हा प्रश्न रास्त आहे. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर मध्ये जेमतेम 2.4 मीटर राहतात आणि बंबच अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो. एका बाजूचे पार्किंग बंद केले की वाट चार मीटरच्या पुढे जाते. तेव्हा वाढीव एफएसआय देण्याआधी त्या गल्लीत पी1-पी2 ची, म्हणजे सम-विषम तारखांना आलटून-पालटून एकाच बाजूला पार्किंगची, पाटी लावा आणि ती पाळली जाते हे तपासा. पाण्याचे गणितही मांडता येते. माणशी 135 लिटरने चार माणसांच्या बारा घरांना रोज 6,480 लिटर लागतात; जमिनीखाली अडीच बाय दोन बाय दोन मीटरची टाकी दीड दिवस पुरते. खरी काळजी ड्रेनेजची आहे. जुन्या सोसायट्यांत कित्येक ठिकाणी सहा इंची वाहिनी आहे, तिच्यात मुळे शिरलेली, चेंबर रस्त्याच्या डांबराखाली गाडलेले. वाढीव एफएसआयचा प्रीमियम त्याच प्रभागाच्या ड्रेनेजसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. एकूण तिजोरीत गेला की तो त्या गल्लीत परत येत नाही.

मोठ्या भूखंडांबद्दल एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. 4,000 चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडावर दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी 20 टक्के घरे बांधून म्हाडाच्या सोडतीला द्यावी लागतात. हे 20 टक्के कशाचे? मूळ एफएसआयचे. 4,000 वर 1.1 ने 4,400, त्याचे 20 टक्के 880 चौरस मीटर, म्हणजे चाळीस मीटरचे बावीस गाळे. हाच भूखंड 24 मीटर रस्त्यावर असेल तर 2.75 आणि 60 टक्के अनुषंगिक धरून विक्रीचे बांधकाम 17,600 पर्यंत जाते. वीस टक्के म्हणतो, प्रत्यक्षात हिस्सा पाच टक्के. आणि 3,990 चौरस मीटरच्या भूखंडाला तेवढेही बंधन नाही. हा कडा काढून 2,000 मीटरपासून थोडा-थोडा चढता हिस्सा ठेवावा, आणि तो वापरलेल्या एकूण एफएसआयवर मोजावा.

गल्ल्यांत लहान घर होत नाही, तेव्हा ते नऱ्हे, धायरी, आंबेगावात एक-दोन गुंठ्यांवर, भिंतीला भिंत लावून, परवानगीशिवाय होते. तिथे ना जिन्याची रुंदी पाहिली जाते ना जोता तपासला जातो, आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) नसल्याने सरकारी बँकेचे कर्ज सहसा मिळत नाही. अशी गुंठेवारी (परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट आणि त्यांवरची घरे) नियमित करण्याची मुदत 31 डिसेंबर 2020 च्या बांधकामांपर्यंत वाढवून ते दुखणे पुढे ढकलले गेले. महापालिकेत समाविष्ट गावांत नगर रचना योजना (जमिनी एकत्र करून रस्ते काढून भूखंड पुन्हा वाटणे) हा खरा उपाय आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली शासन या तक्त्यात फेरबदल करू शकते. त्याआधी सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. तेव्हा ‘आमच्या भागात घनता नको’ किंवा ‘हवी’ एवढेच लिहून उपयोग होत नाही. गल्लीची रुंदी कुंपणापासून कुंपणापर्यंत दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा, मंजूर ले-आउटमधल्या रुंदीशी ताडून पाहा, सर्व्हे क्रमांक, खांब आणि झाडे नोंदवा, ड्रेनेजचे चेंबर शेवटचे कधी तुंबले ते लिहा. मंजूर रुंदी 7.5 मीटर आणि जागेवर सहा, असे बऱ्याच ठिकाणी निघेल. तो दीड मीटर कोणाच्या कुंपणात गेला आहे, हे टीडीआर देण्याआधी कळलेले बरे.

आपला,
एक नगररचनाकार,
एरंडवणे, पुणे