कॉम्प्युटर चालू होत नसेल तर सुरुवात भिंतीपासून करा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बटण दाबूनही कॉम्प्युटर चालू होत नाही, म्हणजे मदरबोर्डच (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला, असं कोणी म्हणालं तर लगेच मान्य करू नका. वीज भिंतीपासून डब्यापर्यंत, म्हणजे सीपीयूच्या कॅबिनेटपर्यंत पोहोचते का, हे आधी बघायचं. त्यासाठी काहीही उघडावं लागत नाही. बाबा, टेबलाखाली वाकून बसू नका. सगळे स्विच बंद करून डबा हळूच पुढे ओढा, टॉर्च आई धरेल. पायात चप्पल असू द्या, हात कोरडे.

आता स्विच परत चालू करा. पहिल्यांदा बटण दाबून डब्याच्या मागे हात धरा. पंख्याची हवा लागतेय आणि पुढचा दिवाही लागलाय, पण पडदा काळाच, असं असेल तर कॉम्प्युटर चालू होतोय, नुसतं दिसत नाहीये. मग मॉनिटरचा स्विच बघा आणि मॉनिटरकडून डब्याकडे येणारी केबल दोन्ही टोकांना घट्ट दाबा. थांबून थांबून बीप वाजत असेल तर बहुधा रॅम (आतली मेमरीची पट्टी) सैल झालेली असते. ती काढून, टोकं खोडरबराने पुसून परत बसवणं हे टेक्निशियनचं पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

हवा नाही, दिवा नाही, आवाजही नाही, तर मात्र वीजच पोहोचत नाहीये. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. तो चालला तर एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावा. गुरुवारी महावितरणची वीज बराच वेळ जाऊन आली असेल तर संशय आधी यूपीएसवर घ्या. बॅटरी पूर्ण उतरली की पुष्कळ यूपीएस वीज आल्यावर आपणहून चालू होत नाहीत. त्यांचं बटण बीप येईपर्यंत दाबून धरावं लागतं. आतली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते.

आता डब्याची मागची बाजू. जाड काळी वायर जिथे घुसते ते टोक झाडताना-पुसताना हलतं आणि बाहेरून बसलेलंच दिसतं. अंगठ्याने आत दाबा. मॉनिटरची वायर बहुतेक वेळा तशीच असते, ती लावून बघितलीत तर वायरच खराब आहे का ते कळेल. नवी वायर पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल. तिथेच शेजारी एक काळा स्विच असतो, तो रेघेच्या बाजूला दाबलेला हवा. गोलाच्या बाजूला असेल तर वीज बंद. जुन्या डब्यांवर २३० लिहिलेला छोटा लाल स्विचही असतो. त्याला हात लावू नका, तो ११५ वर सरकला तर आपल्या विजेवर एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला भाग, जळतो.

एवढ्यानेही जमलं नाही तर वायर काढून ठेवा आणि पुढचं बटण ३० सेकंद दाबून धरा. दोनेक मिनिटांनी वायर लावून परत बघा. विजेचा झटका आला की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. आत साठलेला चार्ज उतरला की कधी कधी तो पुन्हा चालू होतो.

तरीही मुका राहिला तर टेक्निशियनला बोलवा. जळका वास आला असेल तर परत बटण दाबून बघूच नका. एसएमपीएसचा डबा कोणीही घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज काही काळ राहू शकते. टेक्निशियनला सांगा, आधी दुसरा एसएमपीएस लावून दाखव, मग पुढच्या बटणाच्या दोन पिना जोडून बघ. मदरबोर्डचं बोलणं त्यानंतर. नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी तारीख-वेळ सांभाळते. ती बदलायची तर बदला, पण कॉम्प्युटर अजिबात चालू न होण्याचं कारण ती सहसा नसते.

आई, फोटोंची काळजी करू नकोस. ते हार्ड डिस्कवर आहेत आणि एसएमपीएस गेला म्हणून ते सहसा जात नाहीत. 'फॉरमॅट मारावा लागेल' असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. वीज न येण्याचा फॉरमॅटशी काहीच संबंध नाही. डबा दुकानात न्यायचा झाला तर हार्ड डिस्क आपल्यासमोर काढून घ्या आणि घरीच कपाटात ठेवा. एसएमपीएस तपासायला ती लागत नाही.

टेक्निशियन समोर असेल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लावा.

तुमची,
ताई